सीमेवरच्या पेठा आणि ढगातल्या चोपड्या

पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या मराठी माणसाला कोणी 'आपले गाव कोणते?' असे विचारले की क्षणभर थांबावे लागते. माझा जन्म बडोद्याचा, कुळाचे मूळ कोकणातले, आणि मनाचा ओढा मात्र आजोळाकडे. माझे आजोळ निपाणीचे. आजोबा तेथील एका तंबाखूच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की आजही नाकाला प्रथम आठवतो तो वखारीतला उग्र वास आणि त्यापाठोपाठ येणारी शिंकांची माळ.

२०२५ च्या जानेवारीत, पौष महिन्यात, त्या भागात पुन्हा जाण्याचा योग आला. निमित्त घरगुती होते, पण सुखाचे नव्हते. माझ्या मामेभावाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, निपाणीत पुठ्ठ्याची खोकी करण्याचा लहानसा कारखाना चालवतो. कागदाच्या कातरणीच्या गाठी दाबून बांधण्यासाठी त्याने बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखानदाराकडे यंत्र करावयास दिले होते. हे कारखानदार म्हणजे आमच्या घरचे जुने स्नेही; सारे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तसेच म्हणेन. यंत्र तयार झाले, पुतण्याने चार लाख ऐंशी हजार रुपये भरले, आणि ते अण्णांना पोहोचलेच नाहीत. मधल्या मध्ये कोणा ठकाने ते पळवले. पैसे कोणाचे बुडाले यावरून तीन पिढ्यांची ओळख असलेली दोन घरे एकमेकांशी बोलेनाशी झाली. मी चाळीस वर्षे लेखापरीक्षणाचे काम केलेला. मामेभावाचा फोन आला, "तू ये, आणि दोघांच्याही चोपड्या बघ. तू सांगशील ते दोघेही ऐकतील." एवढ्यासाठी मी निघालो.

कोल्हापुराहून निपाणी अवघी चाळीस किलोमीटर. कागल सोडले की दूधगंगेचा पूल लागतो आणि तेथेच राज्य बदलते. पाट्यांवरची लिपी बदलते, बसचा रंग बदलतो. उसाचे फड मात्र तसेच पुढे चालू राहतात, आणि शेजारच्या आसनावरील बाई ज्या बोलीत मघा बोलत होती त्याच बोलीत पुढेही बोलत राहते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याविषयीचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तो आजचा विषय नव्हे. आजचा विषय असा, की या रेषेच्या दोन्ही अंगांना व्यापार कसा चालत आला, आणि आता तो कोणत्या वाटांनी चालतो.

कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाडी क्षणभर मंदावली. पूर्वी येथे सुट्ट्या पैशांसाठी घासाघीस चाले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून वाहनाच्या काचेवरची फास्टॅगची चिठ्ठी सक्तीची झाली. वर लावलेले यंत्र ती चिठ्ठी वाचते, दूरच्या कोण्या बँकेतील खात्यातून पैसे वळते होतात आणि आडवा दांडा उचलला जातो. दोन माणसांची गाठ पडली नाही, शब्द बोलला गेला नाही, तरी व्यवहार पुरा झाला. मला आठवले, लहानपणी कोल्हापूरच्या अडत्याला निपाणीशी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून तासभर तिष्ठावे लागे. पुढे थेट फोन आला, तरी कोल्हापूरचा क्रमांक ०२३१ ने सुरू होई आणि निपाणीचा ०८३३८ ने. जणू दोन दूरचे देश! आता एकाच खिशातल्या मोबाइलवर दोन्ही पेठा आहेत. सोय झाली यात शंका नाही. परंतु दांडा आपोआप उचलला जातो तेव्हा तो कोणासाठी उचलला जात आहे हे पाहणारा माणूस तेथे राहिलेला नसतो, हेही खरे.

यमगर्णीजवळ वेदगंगा ओलांडली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच ठिकाणी पुण्या-बंगळूरचा महामार्ग पाण्याखाली गेला होता. नदी संथ होती, काठाला ऊस उभा होता. थोड्याच वेळात निपाणी आली.

निपाणी हे सिद्धोजीराव निपाणकरांचे गाव. त्यांचा वाडा आणि कोट यांच्या आठवणी गावात आहेत. परंतु गावाला नाव मिळवून दिले ते तंबाखूने. आसपासच्या काळ्या रानात पिकणारा विडीचा तंबाखू येथे येई, वखारीत साठे, बायका तो चाळून निवडत, आणि येथून तो देशभर जाई. आजोबांचा दिवस वखारीच्या ओट्यावर बैठ्या मेजापाशी जाई. समोर लाल कापडी बांधणीच्या चोपड्या, बाजूला टाक आणि दौत. परगावच्या पेढीची हुंडी आली की ते चष्मा पुसत. मी विचारी, "आजोबा, चष्मा का पुसता?" ते म्हणत, "पैसे देताना डोळे स्वच्छ हवेत."

हुंडी म्हणजे काय हे आजच्या तरुण वाचकांस सांगावयास हवे. एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली ती आज्ञा. अमुक माणसास अमुक रक्कम द्यावी. दाखवताच पैसे द्यावयाची ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी द्यावयाची ती मुदती. शाहजोग नावाचा एक प्रकार होता; त्याचे पैसे पेठेतील प्रतिष्ठित, ओळखीच्या 'शाहा'लाच द्यावयाचे. न विचारता भलत्यास दिले तर नुकसान देणाऱ्याचे. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झाले की त्या कागदाचा खोखा होई. हुंडी लिहिणारा पुष्कळदा समोरच्या पेढीस वेगळ्या टपालाने सूचनापत्रही पाठवी, की अमक्या रकमेची हुंडी आम्ही लिहिली आहे. आजोबा हुंडी हातात घेत, आणि ते पत्र आले आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पेटीची किल्ली कमरेची काढत नसत. समोर उभा असलेला माणूस कितीही ओळखीचा असो, त्याला त्यात अपमान वाटत नसे. विचारणे हा पेठेचा शिष्टाचारच होता.

त्या पेठेचे सारेच गुण गावेत असे मात्र नव्हे. भाव काय चालला आहे ही बातमी व्यापाऱ्याच्या ओट्यावर येई. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या हाती फक्त बैलांचा कासरा असे. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी याच महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. मागणी दराची होती; पण दराच्या मुळाशी माहिती कोणाकडे आहे हाच प्रश्न असतो. कर्नाटकातील बाजार समित्या २०१४ पासून एका संगणकीय जाळ्यात जोडल्या जाऊ लागल्या, आणि १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजाराची 'ई-नाम' योजना सुरू झाली, तेव्हा दूरच्या पेठेचा भाव शेतकऱ्याच्याही डोळ्यांस दिसावा हा त्यामागचा हेतू होता. म्हणून, ही नवी जाळी नसती तर बरे झाले असते, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. ज्यांच्या हाती पूर्वी बातमी नव्हती त्यांना ती मिळू लागली, ही लहान गोष्ट नाही.

रात्री जेवणे झाल्यावर पुतण्याने सारी हकिकत सांगितली. अण्णांकडून ई-मेलने पत्रे येत. यंत्राचे नकाशे, दरपत्रक, बिल, सारे त्याच वाटेने. दिवाळीच्या तोंडावर, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर, एक पत्र आले. लेखापरीक्षणामुळे आमचे नेहमीचे खाते तूर्त बंद आहे, तरी उर्वरित रक्कम पुढील खात्यात भरावी. भाषा अण्णांच्या कचेरीचीच, खाली नेहमीचे नाव, बिलाचा क्रमांकही बरोबर.

"मग तू विचारले नाहीस?" मी म्हणालो.

"विचारलं की, काका! लगेच उलट लिहिलं, अण्णा, खातं खरंच बदललंय का? दहा मिनिटांत उत्तर आलं, होय, निःशंक भरा, दिवाळीच्या शुभेच्छा."

मी काही बोललो नाही. पुतण्याची मान खाली गेली. चोर पत्रपेटीतच बसलेला होता, आणि मुलाने शंका विचारली ती चोरालाच. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पैसे गेले. मग सुट्ट्या लागल्या. भाऊबीज झाल्यावर अण्णांचा फोन आला, "अरे, यंत्र तयार आहे, पैशांचे काय?" तेव्हा दोघांनाही घाम फुटला. त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेथे नोंद होताच पैसे ज्या ज्या खात्यांत गेले असतील त्या बँकांना कळवले जाते आणि जे शिल्लक असेल ते अडवले जाते. परंतु सहा दिवस उलटले होते. नव्वद हजार अडकले. बाकीचे तीन लाख नव्वद हजार एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे कधीच निघून गेले होते. पहिल्या तास-दोन तासांत तक्रार झाली असती तर पुष्कळसे वाचण्याचा संभव होता, असे त्यास सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावाबरोबर अर्जुननगराकडे फिरावयास गेलो. तेथे १९६० साली स्थापन झालेले देवचंद महाविद्यालय आहे. गाव निपाणीला लागून, पण जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. घर एका राज्यात आणि वर्ग दुसऱ्या राज्यात, अशा स्थितीत येथील मुलांच्या किती पिढ्या शिकून गेल्या! मामेभावाची थोडी जमीन या बाजूस आहे, थोडी त्या बाजूस. इकडचा उतारा कन्नडमध्ये, तिकडचा सातबारा मराठीत. कर्नाटकाने २००० सालाच्या सुमारास 'भूमी' योजनेत सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर घेतले. त्या नोंदीत फेरफार करावयाचा तर अधिकाऱ्यास स्वतःच्या बोटाचा ठसा द्यावा लागे, म्हणजे मागाहून 'तो मी नव्हेच' म्हणण्याची सोय उरू नये. महाराष्ट्रात २०१८ च्या मे महिन्यापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मामेभाऊ हसून म्हणाला, "माझ्या बांधावर उभा राहिलो की एक पाय बंगळूरच्या संगणकात आणि दुसरा महाराष्ट्राच्या." विनोदच तो, पण मला त्यात एक गोष्ट दिसली. सीमेवरच्या माणसाला प्रत्येक गोष्ट दोनदा पाहण्याची सवय असते. दोन लिप्या, दोन कचेऱ्या, दोन राज्यांचे कायदे. ही सवय पुतण्याने त्या एका दिवशी वापरली असती तर!

दुपारच्या बसने आम्ही दोघे, मी आणि पुतण्या, बेळगावास निघालो. तवंदीचा घाट चढताना मागे निपाणीची कौले दिसत राहतात. जैनांचे स्तवनिधी क्षेत्र येथेच. घाट उतरून संकेश्वर लागते, मिरचीचे गाव. पुढे हत्तरगीजवळ माळावर मोठमोठ्या स्वच्छ इमारती दिसतात. विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एकस कंपनीचे ते औद्योगिक क्षेत्र, २००९ साली उभे राहिलेले. जेथे एकेकाळी जोंधळा होई त्या माळावर आज एअरबससारख्या कंपन्यांसाठी भाग घडवले जातात. समुद्रापलीकडचा नकाशा तारेवरून येतो, येथल्या यंत्रावर चढतो, आणि केसाच्या अंशाइतक्या अचूकतेने धातू कापला जातो. अशा ठिकाणी तिजोरी सोन्याची नसते, नकाशांची असते. तो नकाशा कोणी चोरला तर भिंतीला भोक पडलेले दिसत नाही, आणि कोणी त्यातला एक आकडा बदलला तर तो बदल विमानापर्यंत पोहोचू शकतो. सायबर सुरक्षा हा शब्द आपण बँकेच्या संदर्भात ऐकतो. माळावरच्या त्या इमारती पाहताना मला तो वेगळ्याच अर्थाने कळला.

काकती मागे टाकून बेळगावात शिरलो. शासकीय नाव २०१४ पासून बेळगावी झाले आहे. हवा पौषातली, बोचरी. किल्ला, छावणी, रविवार पेठेतील घाऊक दुकाने, कुंद्याच्या मिठाईची दुकाने, सारे ओळखीचे. शहराचा नवा चेहरा मात्र शिक्षणाचा आहे. १९७९ साली येथे गोगटे तंत्रशिक्षण संस्था निघाली. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय मच्छे येथे आले, आणि राज्यभरची अभियांत्रिकी महाविद्यालये त्यास जोडली गेली. जुने कौशल्य ओतकामाचे. उद्यमबागेत भट्ट्या, लेथ, आणि तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रे यांचे कारखाने दाटीने उभे आहेत. सुरेश हुंदरे यांची पॉलिहायड्रॉन कंपनी याच शहरातली. कामगारांवर विश्वास टाकून आणि सचोटीने धंदा करता येतो हे दाखवून देणारी म्हणून तिची ख्याती आहे. सांगायचे तात्पर्य, विश्वास ही या शहरात नुसती बोलण्याची वस्तू नव्हे.

अण्णा सत्तरीचे. अंगात खादीचा सदरा, हाताला तेलाचा वास. त्यांनी मला नमस्कार केला, पुतण्याकडे पाहिले नाही. कोपऱ्यात ते यंत्र उभे होते, ताडपत्रीने झाकलेले. चहा आला. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी अण्णाच म्हणाले, "साहेब, पत्र मी लिहिले नाही, पैसे मला मिळाले नाहीत. मग मी यंत्र कसे देऊ?" पुतण्या म्हणाला, "पत्र तुमच्याच पेटीतून आलं, अण्णा. मी कोणाच्या पेटीवर विश्वास ठेवायचा?"

दोघांचेही बरोबर होते. हीच अडचण होती.

मी म्हणालो, "मला आधी पेटी दाखवा." तेव्हा अण्णांची नात पुढे आली. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात संगणकशास्त्र शिकते. तिने संगणक उघडला आणि मला, एका जुन्या हिशेबनिसाला, समजेल अशा शब्दांत सांगू लागली. पूर्वी कारखान्याची बिले आणि पत्रे याच खोलीतल्या संगणकात होती. २०१९ च्या पावसाळ्यात पाणी आत आले, यंत्र निकामी झाले, दोन वर्षांचे हिशेब गेले. तेव्हा सारे 'क्लाउड'वर ठेवले.

"म्हणजे ढगात?" मी विचारले.

"ढग नुसता नावाचा, आजोबा. ती जमिनीवरचीच घरे असतात, हजारो संगणकांची. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला अशी केंद्रे सुरू केली. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईला आणि २०२२ मध्ये हैदराबादला. आपण त्यांच्या घरातला एक कप्पा भाड्याने घेतो. पूर आला, आग लागली, तरी आपल्या नोंदीची दुसरी प्रत शाबूत राहते."

मला एकदम आजोबांची पैठ आणि परपैठ आठवली. तिला ते सांगितले, तर तिला फार गंमत वाटली. "पण एक गोष्ट लोक विसरतात," ती म्हणाली. "घर त्यांचे, भिंती त्यांच्या, पहारेकरी त्यांचे; कप्प्याची किल्ली मात्र आपली. ती आपणच उघड्यावर ठेवली तर ते काय करणार?"

आणि किल्ली उघड्यावरच होती. कारखान्याच्या पत्रपेटीचा परवलीचा शब्द एकच, कित्येक वर्षांचा, कारखान्याच्या नावापुढे स्थापनेचे साल जोडलेला. तो अण्णांना ठाऊक, त्यांच्या मुलास ठाऊक, कारकुनास ठाऊक, आणि नोकरी सोडून गेलेल्या दोघांसही ठाऊक. तोच शब्द त्यांनी इतरत्रही वापरला होता. त्यांपैकी कोठून तरी तो फुटला असावा. मोबाइलवर दुसरा आकडा आल्याशिवाय पेटी उघडू नये, ही सोय फुकट मिळत असून 'कटकट नको' म्हणून बंद ठेवलेली. चोराने आत शिरून काही मोडतोड केली नाही. तो काही आठवडे नुसता वाचत बसला. यंत्र कधी पुरे होणार, पैसे कधी येणार, सारे त्यास कळले. मग त्याने पेटीस एक गुप्त नियम घालून दिला, की निपाणीहून येणारे पत्र अण्णांना न दिसता बाजूच्या कप्प्यात जावे. पुतण्याची शंका आली ती त्या कप्प्यात, आणि उत्तर दिले ते चोराने.

हा प्रकार लहानांच्याच वाट्याला येतो असे नाही. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये असाच घाला पडला. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत चोरांनी शिरकाव करून खोटी मंजुरी देणारी सोय बसवली, आणि ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतून बनावट कार्डांवर पैसे उचलले. देशातही उचलले, त्यांत कोल्हापूरचे नाव आले. दोनच दिवसांनी सुमारे चौदा कोटी हाँगकाँगच्या खात्यात पाठवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. मागणारा कोण हे विचारणाऱ्या यंत्राच्या जागी न विचारता 'होय' म्हणणारे यंत्र बसवले, एवढेच ते कारस्थान. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेचे किमान नियम घालून दिले आणि २०१९ च्या डिसेंबरअखेर ते बँकेच्या व्यवहारांच्या व्याप्तीप्रमाणे चार पायऱ्यांत वाढवले. तरीही ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, आणि सुमारे तीनशे बँकांना एक दिवस देयकांच्या जाळ्याबाहेर ठेवावे लागले. त्या बँकांच्या स्वतःच्या दाराला काही झाले नव्हते. परंतु ज्यांच्या घरात कप्पा भाड्याने घेतला त्यांच्या दाराची काळजीही आपलीच होऊन बसते.

अण्णा हे सारे ऐकत होते. मी त्यांना हुंडीचा कायदा सांगितला. पैसे देणाऱ्याने नीट चौकशी न करता दिले तर नुकसान त्याचे. पुतण्याने चौकशी केली, पण ज्या वाटेने पत्र आले त्याच वाटेने केली. ती चौकशी नव्हेच. हातात मोबाइल होता, त्यात अण्णांचा क्रमांक होता, तो फिरवावयास अर्धे मिनिट लागले असते. ही चूक पुतण्याची. पण पेढीचा शिक्का पेढीवाल्याने सांभाळावयाचा असतो. तो कोणी उघड्यावर ठेवला आणि दुसऱ्याने कागदावर उमटवला, तर 'माझे अक्षर नाही' एवढे म्हणून पेढीवाला सुटत नाही. ही चूक अण्णांची. माझ्या मते दोन्ही पारडी सारखी होती. अडकलेले नव्वद हजार न्यायालयाकडून मिळतील तेव्हा अण्णांकडे जावेत. उरलेल्या तीन लाख नव्वद हजारांतील निम्मे, म्हणजे एक लाख पंच्याण्णव हजार, पुतण्याने हप्त्यांनी द्यावेत. आणि तितकेच अण्णांनी सोसावेत.

खोलीत पुन्हा शांतता पसरली. अण्णा उठले, यंत्रावरची ताडपत्री काढली, आणि पहिल्यांदाच पुतण्याकडे पाहून म्हणाले, "पोरा, तू फोन का केला नाहीस रे?"

पुतण्या म्हणाला, "दिवाळीची गडबड होती, अण्णा. तुम्हाला त्रास कशाला, असं वाटलं. आणि तुमच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं."

हे वाक्य मी परतीच्या वाटेवर पुनःपुन्हा मनात घोळवत राहिलो. त्याने विचारले नाही ते भिडेपोटी. चोराचे खरे हत्यार तेच होते. मार्च २०२५ मध्ये याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका वृद्ध दांपत्याचा, फोनवरून पोलिसी धाक दाखवणाऱ्या ठकांच्या जाचापायी अंत झाल्याची वार्ता वाचली, तेव्हा तर मन सुन्न झाले. भीड असो वा भीती, माणसाला एकटे पाडणे आणि दुसऱ्या कोणास विचारू न देणे, एवढ्यावरच या साऱ्या ठकबाजीचा धंदा चालतो. फोनवर कोणासही अटक करता येत नाही. शंका येताच फोन ठेवावा आणि घरातल्या माणसास हाक मारावी, हे आपल्या प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांना कोणीतरी शेजारी बसून सांगावयास हवे.

त्यानंतर सोयीही वाढल्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०२५ च्या एप्रिलपासून मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी समोरच्या खात्यावरचे नाव पाहता येते. तसे ते दिवाळीत दिसले असते तर पुतण्याचा हात तेथेच थांबला असता. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरपर्यंत बँकांनी आपल्या संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली न्यावेत असे ठरले, म्हणजे खरी बँक आणि खोटी बँक ओळखणे सोपे जावे. आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत, गुन्हा कोठेही घडला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. सीमेवरच्या माणसास याचे मोल विशेष, कारण त्याचे घर, बँक आणि गिऱ्हाईक तीन ठिकाणी असतात.

यंत्र माघ महिन्यात निपाणीस पोहोचले. नव्वद हजार काही महिन्यांनी अण्णांना मिळाले. पुतण्याचे हप्ते चालू आहेत. चोर सापडलेला नाही. दोन घरांचे बोलणे सुरू झाले आहे, पूर्वीइतके मोकळे नसेल, पण सुरू आहे. अण्णांनी पेटीचा परवलीचा शब्द बदलला, दुसऱ्या आकड्याची कुलूपपट्टी घातली, आणि नातीने दोन्ही कारखान्यांसाठी एक नियम लिहून भिंतीवर चिकटवला. खाते बदलल्याचे पत्र कितीही खरे वाटो, जुन्या वहीत लिहिलेल्या क्रमांकावर फोन करून आवाज ओळखल्याशिवाय एक रुपयाही हलवावयाचा नाही. आणि असा फोन आला तर त्यात कोणी अपमान मानावयाचा नाही.

निपाणी सोडताना मी जुन्या वखारीकडे डोकावलो. ओटा आहे, बैठे मेज कधीच गेले. आजोबा तेथे बसून चष्मा पुसत असत ती जागा क्षणभर पाहिली आणि बस पकडली. कोगनोळीचा दांडा याही वेळी आपोआप उचलला गेला. खिशातला मोबाइल काढला आणि बडोद्यास घरी सुनेला फोन लावून विचारले, "आपल्या पत्रपेटीचा परवलीचा शब्द कोणकोणास ठाऊक आहे?"